तोतरेपणा दहा दिवसांत जाईल का?

दहा दिवसांवर मुलाखत, स्वतःचं नावच तोंडातून निघत नाही, तोवर तोतरेपणा घालवायचा उपाय सांगा, असं विचारलंयस. दहा दिवसांत जात नाही रे. माझी पन्नाशी उलटली, अजून आहे (म्हणून अरेतुरे करतोय, रागावू नकोस). लहानपणी आजीने वेखंड उगाळून चाटवलं, मामाने तोंडात गारगोटी ठेवून धडे वाचायला लावले. वेखंडाची चव तेवढी लक्षात राहिली.

अडखळण्यापेक्षा ते लपवण्यातच माझी जास्त वर्षं गेली. मला 'प' अडतो. कॉलेजात असताना शिवाजीनगरहून पद्मावतीला घरी जायचो, पण कंडक्टर जवळ आला की 'स्वारगेट' म्हणायचो. पुढे पायी, पावसातसुद्धा. घरी सांगायचो, बसला गर्दी होती.

तिशीत स्पीच थेरपिस्टकडे गेलो, तर बाईंनी पहिलं काम दिलं मुद्दाम अडखळायचं! तेही जो शब्द अडत नाही त्यावर. मंडईत गेलो, 'मे-मे-मेथी कशी दिली?' कान तापले. भाजीवाल्या मावशी 'पाच रुपये' म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आठवडाभर असं केल्यावर धडधड कमी झाली. ज्याची भीती, तेच आपण रोज पिशवी घेऊन करायला निघालो होतो.

दुसरी युक्ती चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञाची. तो स्वतःही अडखळायचा. शब्द अडला तर अर्ध्यात सोडायचा नाही. कसाबसा पुरा करायचा, मग थांबायचं, जबडा सैल सोडायचा आणि तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणायचा. पुढे पळायचं नाही. ते थांबणंच सर्वात अवघड जातं.

मुलाखतीत बसल्या बसल्या सांगून टाक, 'मी बोलताना अडखळतो, उत्तराला जरा वेळ लागेल.' आतापासून रिक्षावाल्याला, केमिस्टला म्हणून बघ. आणि 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चे स्वमदत गट आहेत, जवळ असेल तिथे जाऊन ये. आपल्यासारखंच कुणी अडखळताना ऐकलं की निम्मं ओझं तिथेच उतरतं.

मंडईनंतर महिनाभराने बसमध्ये 'प-प-प-पद्मावती' म्हटलं. चांगलं लांबलं. मागचे दोघे हसलेसुद्धा. कंडक्टर म्हणाला, 'सुट्टे द्या.'