गुण कळले, चूक कुठे झाली, ते कसे कळावे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आम्ही टॅबवर गणिताची चाचणी घेतो. निकाल लगेच मिळतो, पण तो फक्त टक्केवारीत. कोणत्या मुलाला नेमके काय समजलेले नाही, हे अशा चाचणीतून कळू शकते का?
– एक शिक्षिका

उत्तर : कळू शकते, मात्र त्यासाठी चुकीचे पर्यायही बरोबर उत्तराइतक्याच काळजीने निवडावे लागतात. ५०३ − २४७ हे उदाहरण घ्या. उत्तर २५६. ज्या मुलाने ३४४ निवडले, त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. ज्याने ३५६ निवडले, त्याने शून्याचे ९ केले, पण शतकातला १ कमी केला नाही. दोघांनाही गुण शून्यच. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून स्थानिक किंमत पुन्हा शिकवावी लागेल, तर दुसऱ्याचे अडते ते केवळ मध्ये शून्य आल्यावर. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली ‘बगी’ या संगणक प्रणालीच्या आधारे हेच मांडले होते, की अशा पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मूल एक सदोष रीत इमानाने पाळत असते.

तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्येक मुलाने निवडलेल्या पर्यायांची यादी प्रणालीतून मिळते का, ते आधी पाहा. ती मिळत नसेल, तर निदानासाठी ती प्रणाली अपुरी आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. एका प्रश्नावरून निष्कर्ष काढू नका. मूल अंदाजानेही पर्याय निवडते, म्हणून एकाच प्रकारची तीन-चार उदाहरणे निरनिराळ्या ठिकाणी विखरून द्या.

साधनाची सवय हाही मोठा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील ‘नॅप्लान’ ही राष्ट्रीय चाचणी संगणकावर होते आणि मुलाच्या आधीच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्नसंच सोपा किंवा कठीण दिला जातो. तरीही तिसरीच्या मुलांची लेखनचाचणी तेथे कागदावरच घेतात. आपल्या मुलांनाही आधी गुण नसलेली सराव चाचणी द्या आणि टॅबशेजारी कच्चा कागद ठेवा. चाचणीनंतर तो कागद घेऊन मुलाजवळ बसा व ‘हे कसे केलेस?’ असे विचारा. पडद्यावर न दिसलेली पायरी पुष्कळदा त्या कागदावर सापडते.