शेवटच्या वर्षाचं फोटोग्राफी प्रोजेक्ट: विषय बदलू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीएफए अप्लाइडचं, म्हणजे उपयोजित कलेच्या पदवीचं शेवटचं वर्ष, फोटोग्राफी हा निवडलेला विषय, मुंबईच्या ससून डॉकवर, मासळीच्या धक्क्यावर, पहाटे जाऊन काढलेले २८०० फोटो, ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायला, सहा आठवडे. पहिल्याच रिव्ह्यूत सर म्हणाले, ‘हे ससून डॉक आम्ही सगळ्यांनी पाहिलंय’, आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात विषयच बदलायचं चाललंय. मीही अप्लाइडचाच, १९९६ ची बॅच. पुढे बरीच वर्षं प्रिंटिंगमध्ये काढली आणि आता दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला जातो. वयानं तू माझ्या पुतणीएवढी आहेस, म्हणून एकेरीत लिहितो.

विषय बदलू नकोस. पण सरांचं म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य कर. ससून डॉक १८७५ सालचं. मुंबईत हातात कॅमेरा आलेलं प्रत्येक पोर कधी ना कधी पहाटे तिथं जातं. घड्याळाचा मनोरा, उजाडायच्या आधीचं निळं आभाळ, बर्फाचा चुरा, डोक्यावर पाटी घेऊन धावणाऱ्या बायका, लिलावातले वर झालेले हात. हे सगळे फोटो चांगलेच येतात, आणि अडचण तिथेच आहे. जो परवानगी काढेल आणि साडेचारला उठेल त्याला ते मिळतात. तू टाकलेल्या बारा फोटोंपैकी नऊ असे आहेत. ते डॉकचे फोटो आहेत. ते कुणी काढले हे त्यांच्यावरून कळत नाही.

आता तुझ्याच प्रश्नातलं एक वाक्य तुला परत वाचून दाखवतो. तू कंसात लिहिलंयस की आत्या तिथंच कोळंबी सोलायला जाते, सुरुवातीला तिच्यासमोर कॅमेरा काढायची लाज वाटायची, आणि तिचे चाळीस-पन्नास फोटो आहेत पण ‘ते घरगुती वाटतात म्हणून बाजूला ठेवले’. ते बाजूला ठेवलेले फोटो हेच तुझं काम आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. बारांतला सातवा फोटो बघ: आत्या घरी ओट्याशी उभी आहे, हात पालथे धरून बोटांना तेल लावतेय, मागे टीव्ही चालू आहे. दिवसभर बर्फात आणि कोळंबीच्या टरफलांत घातलेल्या बोटांचं काय होतं, हे त्या एका फोटोत आहे. बाहेरून येणारा कितीही हुशार असला तरी त्या ओट्यापर्यंत पोचायला त्याला वर्ष लागेल. तू तिथं वाढलीस.

कला महाविद्यालयांत ‘घरचं’ म्हणजे हलकं, असं का वाटतं ते मला कधी समजलं नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकत होत्या. त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंत त्यांच्याच वर्गमैत्रिणी आहेत. १९३० च्या दशकातल्या मुंबईतल्या, चित्रकला शिकणाऱ्या मुली, आपापल्यात बसलेल्या, कॅमेऱ्यासमोर न अवघडलेल्या. त्या काळी त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. पुढे त्यांनी सत्तांतर टिपलं, नेहरू टिपले, सगळं खरं. पण त्या मुली त्यांच्याशिवाय कुणी तशा टिपल्या असत्या असं मला वाटत नाही. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बर्न्ड बेखर १९७६ पासून फोटोग्राफी शिकवत. ते आणि त्यांची बायको हिला पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं, ढगाळ उजेडात, समोरून टिपत. त्यांचा विद्यार्थी थॉमस रूफ यानं गुरूची ती समोरून बघायची शिस्त घेतली, पण टाक्या नाही घेतल्या. सोबतची मुलं आणि मित्र एकेक करून बसवले आणि पासपोर्टला काढतात तसे सरळ फोटो काढले. आधी छोटे प्रिंट, मग १९८६ च्या सुमारास दोन मीटरहून उंच. त्यातून त्याचं नाव झालं.

आणि फोटोग्राफर दयानिता सिंग. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकताना कॉलेजच्या कामासाठी त्यांनी तबलावादक झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला घेतले. एका मैफिलीपुरतं थांबल्या असत्या तर वर्तमानपत्रात छापतात तसे तबल्यावरचे हात मिळाले असते. त्या हिवाळ्यामागून हिवाळे दौऱ्यावर सोबत जात राहिल्या आणि त्यातून १९८६ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक झालं. इथं माणूस जगप्रसिद्ध होता, तरी परत परत गेल्याशिवाय काही हाती लागलं नाही. तुला ते परत परत जाणं जन्मापासून मिळालंय.

मग सहा आठवड्यांत काय करायचं? पहिले दोन आठवडे डॉकवर जाऊ नकोस. अवघड जाईल, कारण फोटो काढत राहिलं की काम चाललंय असं वाटतं. त्याऐवजी २८०० मधले दोनशे निवड, डोळ्याला थांबवणारे, कारण न शोधता. आत्याचे सगळे त्यात घाल. जवळच्या लॅबमध्ये त्यांचे ४ बाय ६ चे साधे मॅक्सी प्रिंट काढ. स्क्रीनवर निवड करू नकोस. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि प्रत्येक फोटो आपली बाजू मांडत बसतो. खाली जमिनीवर पसरलेस की शेजारी शेजारी ठेवल्यावर कोण कुणाचं बोलणं तोडतंय ते दिसतं. आईला ओलांडून जायला लागलं तरी चार दिवस तसेच राहू देत. मग रोज येता-जाता वीस उचलायचे. जो उचलताना जिवावर येतं तो मागे पुठ्ठ्याच्या डब्यात जपून ठेव, फेकू नकोस; पण उचल. चाळीसवर आलीस की आत्याला बोलाव. ‘कुठला आवडला’ असं विचारू नकोस, त्याला सगळी माणसं स्वतःचा हसरा फोटो दाखवतात. ‘यात काय चुकलंय’ असं विचार. ती सांगेल की ही पाटी अशी धरत नाहीत, किंवा ही बाई कोळंबीची नाही, सुक्या मासळीची आहे. त्या दुरुस्त्या वहीत लिहून ठेव, त्या फोटोंसोबत लावायच्या तुझ्या टिपणात लागतील.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा घे, पण या वेळी एकच काम. आत्या निघाल्यापासून झोपेपर्यंत. डॉकचे रुंद फोटो तुझ्याकडे पुरेसे आहेत, त्यातले दोन-तीनच लागतील, ती कुठं जाते हे कळण्यापुरते. तुला कमी आहे ते मधलं: बसमधली, भाजी घेताना, पैसे मोजताना, दुपारी डुलकी काढताना. आणि तिच्या हातांचा एक फोटो रोज, त्याच ओट्यावर, त्याच उंचीवरून, त्याच वेळी. दहा दिवसांचे दहा. बेखरांची शिस्त इथं कामाला येईल. डॉकच्या हद्दीत कॅमेऱ्याची लेखी परवानगी अजून चालू आहे ना, तेही बघून घे. शेवटच्या आठवड्यात गेटवर अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

शेवटी चौदा ते अठरा फोटो. वीसच्या वर जाऊ नकोस.

आता प्रिंट. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझं शेवटच्या वर्षाचं काम इथंच गेलं. आम्ही फिल्मवर काढायचो. मी पैसे वाचवायला टेस्ट प्रिंट न काढता बारा मोठे प्रिंट एकदम सांगितले आणि ज्युरीच्या आदल्या रात्री ते हातात आले तेव्हा प्रत्येक चेहरा हिरवट होता. ट्यूबलाइटचा हिरवा. पुन्हा काढायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. चूक पूर्णपणे माझी होती आणि ती अजून आठवते. तुझ्या फोटोंत पहाटेचा निळा उजेड, डॉकवरचे दिवे, घरातली ट्यूब आणि पिवळा बल्ब असं सगळं एकत्र आहे, त्यामुळे तुला हा धोका माझ्याहून जास्त. प्रत्येक फोटोचा रंग वेगळा ‘बरोबर’ करत बसू नकोस. घरातला उजेड घरासारखा राहू दे, फक्त कातडीचा रंग सगळीकडे एकाच बाईचा वाटला पाहिजे. लॅपटॉपची स्क्रीन अर्ध्यावर आण आणि मगच फाइल तयार कर. स्क्रीन झगझगीत असली की फोटो उजळ वाटतो आणि प्रिंट काळपट येतो. लॅबवाल्याशी होणारी निम्मी भांडणं या एका कारणानं होतात. लॅबला त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) माग आणि तीन अवघड फोटोंचे पट्टीएवढे तुकडे आधी काढून बघ. ते तुकडे जिथं लावणार त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली बघ.

आकाराचा हिशोब सोपा आहे. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २० बाय १३ इंच आरामात, २०० धरले तर ३० बाय २०. पण सगळे मोठे करू नकोस. डॉकचे दोन मोठे, बाकीचे १२ बाय ८, आणि हातांचे दहा पोस्टकार्डाएवढे एका ओळीत. लहान प्रिंट बघायला माणूस जवळ येतो, आणि आत्याच्या बोटांजवळ माणसानं यायला हवं. कागद मॅट घे, काचेची फ्रेम नको. ग्लॉसीवर आणि काचेवर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) चिकटवलंस तर चालेल, पण ओळ डोळ्याच्या उंचीला, मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर.

टिपण मराठीत लिही, मग हवं तर भाषांतर कर. ‘अस्तित्व’, ‘संघर्ष’, ‘अदृश्य श्रम’ हे शब्द काढून टाक. ती किती वाजता उठते, एका पाटीचे किती मिळतात, किती वर्षं जाते, आणि तुला तिच्यासमोर कॅमेरा काढायची लाज का वाटायची, एवढं लिही. ती लाज लिहायलाच हवी. ज्युरी तुला विचारेल की कष्टकरी बाईचे फोटो काढून तू काय मिळवलंस. दरवर्षी विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम नीट बघ. तिथं माणसं दयेसाठी उभी केलेली नाहीत. त्यांना नावं आहेत, घरं आहेत, संसार आहे. त्या प्रश्नावर तुझं उत्तर भिंतीवरच दिसलं पाहिजे.

आणखी एक, घाईत राहून जातं म्हणून. फोटो तुझे आहेत, कायद्यानं हक्क तुझा. पण चेहरा आत्याचा आहे. ज्युरीला आणि प्रदर्शनात लावायला तिचा होकार वेगळा, इंटरनेटवर टाकायला वेगळा. दोन्ही वेगवेगळे विचार. सोबत दिसणाऱ्या बायकांनाही विचार, आणि ज्यांचे फोटो लागणार त्यांना प्रत्येकी एक प्रिंट आधी नेऊन दे, प्रदर्शनानंतर नव्हे. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

चाळीसवर आलीस की जमिनीवर पसरलेल्या सगळ्यांचा मिळून एक फोटो काढ आणि इथं टाक, एकेक वेगळा नको. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नंबर घालून ठेव म्हणजे बोलायला सोपं जाईल. मी रविवारी रात्री बसतो.