भावाला एआरव्हीसी (हृदयाच्या उजव्या कप्प्याचा आनुवंशिक आजार) निघालाय, माझा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. मग मी मोकळा ना? की जीन टेस्टही करू?

नाही, मोकळे नाही. या आजारात सुरुवातीला इको कित्येकांचा नॉर्मलच येतो. ईसीजी, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) आणि हृदयाचा एमआरआय होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं, जिम बंद.

आमच्या घरचंच बघा. आजोबा मे महिन्यात वावरातच वारले, तर 'ऊन लागलं'. नागपुरात हे कारण कोणालाही पटतं. आत्या चाळिशीच्या आत झोपेतच गेली, तो 'अटॅक'. मग चुलतभाऊ. पोलीस भरतीसाठी रेशीमबागेच्या ग्राउंडवर रोज पहाटे १६०० मीटर मारायचा. एकदा शेवटच्या फेरीत तोंडावरच पडला. सोबतच्या पोट्ट्यांनी छाती दाबत दाबत दवाखान्यात नेला, तिथे शॉक दिला म्हणून वाचला. तरी काकाजींचं तेच, उपाशीपोटी पळाला, ऊन बाधलं. डिसेंबरात, पहाटे!

एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं दुखणं दिसलं. हृदयाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनंच यात जन्मतः कच्ची असतात. सतत जोरात पळालं की शिवण उसवते, तिथे चरबी आणि व्रण भरतो अन् ठोके बिघडतात. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसकट तपासणी कायद्यानेच होते. आपल्याकडे भरतीत छाती फुगवून ५ सेंटीमीटर वाढते का तेवढं आधी बघतात.

जीन टेस्ट आधी भावाची. त्याच्यात दोष सापडला तर मग तुमची. सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण ५० टक्के.

आमच्या चुलतभावात सापडला. आता त्याला आयसीडी (ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन) बसवलाय, पण काकाजी पोरीची, म्हणजे त्याच्या बहिणीची, टेस्ट करू देत नाहीत. 'रिपोर्टात निघालं तर स्थळं येतील का?' अहो, पोराच्या छातीतलं मशीन अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. स्थळ आणणाऱ्यालाही. पोरीच्या हृदयात काय आहे ते मात्र पोरीलाच माहीत नाही.

हां, एक राहिलं. दोष निघाला म्हणजे आजार होतोच असं नाही, काहींना आयुष्यभर काही होत नाही. पण तपासण्या अधूनमधून कराव्याच लागतात. काकाजी यातलं अर्धंच वाक्य ऐकतात आणि 'बघ, गरजच नाही' म्हणतात. आणि तुमच्या भावात दोष सापडलाच नाही, बऱ्याच जणांत सापडत नाही, तर तुमची जीन टेस्ट करून उपयोग नाही. मग ईसीजी-एमआरआयवरच लक्ष ठेवायचं.

बहीण बावीसची आहे. टेस्टच्या फॉर्मवर सही तिची लागते, काकाजींची नाही.