जरा सरकाल का?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बस, रस्ता, बाजार अशा चारचौघांत वावरण्याच्या जागांविषयी होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझा नातू बंगळूरला शिकतो. सुट्टीत आला की बसच्या कंडक्टरपासून शहाळे फोडून देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला तो ‘थँक्यू’ म्हणतो आणि मी म्हणत नाही म्हणून मला उद्धट ठरवतो. ‘धन्यवाद’ म्हणावे तर भाषण संपवल्यासारखे वाटते. मी काय करावे? (एक आजोबा, डिचोली)

आपण उद्धट नाही आणि नातवाचेही काही चुकत नाही. ‘धन्यवाद’ आणि ‘आभारी आहे’ हे मराठीतले शब्द सभेत आणि पत्रात शोभतात. ‘कृपया’ हा तर मुख्यतः पाटीवर राहणारा शब्द आहे. शेजारच्या प्रवाशाला आपण ‘कृपया सरका’ असे म्हटले, तर तो दचकेल आणि कदाचित रागावेलही. आपल्या बोलण्यातले सौजन्य क्रियापदाच्या रूपात आणि एखाद्या लहानशा शब्दात असते. ‘सरका’ ही आज्ञा झाली, ‘जरा सरकता का?’ ही विनंती झाली, आणि ‘जरा सरकाल का?’ असे विचारले की ‘नाही हो, खाली पिशवी आहे’ असे सांगायलाही समोरच्याला वाव राहिला. ‘तेवढे दार लावता?’ यातल्या ‘तेवढे’ने काम लहान होते आणि ते करणाऱ्याला आपण राबवले जात आहोत असे वाटत नाही.

आभारांचेही तसेच आहे. ‘बरे झाले सांगितलेत, नाहीतर मी पुढच्या थांब्यावर गेलो असतो’ या वाक्यात आभार हा शब्द कोठेही नाही, तरी समोरच्याने नेमके कोणते काम केले हे त्यात आले आहे, आणि मोघम ‘थँक्यू’पेक्षा ते त्याच्या अधिक लक्षात राहते. शिवाय गोव्यात आपल्याजवळ कोकणीतले ‘देव बरें करूं’ आहे. मी किती ऋणी झालो याचा हिशेब त्यात नसतो. समोरच्याचे भले व्हावे एवढीच इच्छा असते, आणि घरात मराठी बोलणाऱ्याच्या तोंडीही ते परके वाटत नाही. कंडक्टरकडून सुटे पैसे घेताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहून नुसते ‘बरे, बाब’ म्हटले तरी पुरे. माझी तक्रार ‘थँक्यू’विषयी नाही; मोबाइलमधून मान वर न करता म्हटलेल्या ‘थँक्यू’विषयी आहे.

प्रश्न : पणजीच्या १८ जून रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांपाशी कोणी उभे दिसले की मी गाडी थांबवतो. परवा एका बाईंना हाताने ‘या’ अशी खूण केली. त्या निघाल्या आणि माझ्या गाडीच्या बाजूने भरधाव स्कूटर गेली. त्या थोडक्यात वाचल्या. बायको म्हणते, थांबूच नका. (एक चालक, पर्वरी)

थांबायलाच हवे. पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे हा त्याच्यावर केलेला उपकार नाही. वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत ते चालकाचे कर्तव्य म्हणूनच सांगितले आहे. चूक झाली ती हाताच्या खुणेत. आपण थांबलात याचा अर्थ आपली गाडी थांबली, एवढाच. मागून येणाऱ्या स्कूटरची हमी आपण देऊ शकत नाही, आणि ‘या’ अशी खूण करताच नेमकी तीच हमी दिल्यासारखे होते. त्यातून आपल्याकडचा माणूस भिडस्त असतो. कोणी आपल्यासाठी खोळंबले आहे असे दिसले की तो संकोचतो आणि डावीउजवीकडे न पाहता लगबगीने निघतो.

म्हणून पट्ट्यांच्या अगदी कडेला न येता थोडे अलीकडे थांबावे, म्हणजे ओलांडणाऱ्याला आपल्या गाडीच्या पलीकडचे दिसते आणि स्कूटरवाल्यालाही तो दिसतो. आरशात पाहावे, खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबण्याची खूण करावी. पादचाऱ्याला मात्र कोणतीही खूण करू नये. कधी निघायचे ते त्याचे त्याने पाहून ठरवावे. दिवे उघडझाप करून वाट देणे तर कटाक्षाने टाळावे, कारण आपल्या रस्त्यांवर त्याचा रूढ अर्थ ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा’ असा उलटाच आहे. ओलांडणारे वृद्ध असतील, तर ते अर्ध्यावर असताना गाडी इंचाइंचाने पुढे सरकवू नये. मागचा हॉर्न वाजवतो त्याला वाजवू द्यावे. त्याला पट्ट्या दिसत नाहीत, त्याला फक्त आपली डिकी दिसते.

प्रश्न : मी चोपन्न वर्षांची आहे. बसमध्ये कॉलेजची एक मुलगी माझ्यासाठी उठली. मला ते लागले आणि मी ‘नको, नको’ म्हटले. ती परत बसेना, मी बसेना, आणि शेवटी पुढच्या थांब्यावर चढलेला एक धडधाकट गृहस्थ त्या जागेवर बसला. आम्ही दोघी मडगावपर्यंत उभ्या. (एक शिक्षिका, कुंकळ्ळी)

त्या गृहस्थांना आपण दोघींनी मिळून जागा दिलीत, असेच म्हणावे लागेल. ‘नको, नको’ ही पानावरची रीत आहे. तेथे वाढणारी आग्रह करणार आणि तिसऱ्यांदा आपण घेणार, हे दोघींनाही ठाऊक असते. बसमध्ये तेवढा अवकाश नसतो, म्हणून बसायचे नसल्यास एकदाच आणि कारणासह सांगावे : ‘बस गं, मी पुढेच उतरते आहे.’ कारण खरे नसले तरी चालेल. वयाचे म्हणाल, तर कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी होतो. त्या मुलीने मात्र आपले वय मोजले नसेल, हातातल्या वह्यांचा गठ्ठा पाहिला असेल.

उठणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते. ‘आजी, बसा’ असे सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणण्यापेक्षा, आपण उतरणारच होतो अशा थाटात उठून दाराकडे सरकावे. ज्याला गरज असेल तो बसेल, आणि नसेल त्याला नाही म्हणण्याचा प्रसंगच येणार नाही. जिला जागा मिळाली तिने उभ्या असलेल्या मुलीचे दप्तर मांडीवर घ्यावे. पूर्वी आपल्याकडच्या बसमध्ये बसलेली बाई न विचारताही हात पुढे करीत असे आणि चार दप्तरे एका मांडीवर फोंड्यापर्यंत जात. आता दप्तरात लॅपटॉप असतो, तेव्हा आधी विचारलेले बरे.

प्रश्न : शेजारचा प्रवासी मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ पाहत असल्यास त्याला कसे सांगावे? (एक वाचक, वास्को)

‘आवाज जरा कमी कराल का? माझे डोके दुखते आहे’ असे हळू आवाजात आणि एकदाच सांगावे. ‘लोकांना त्रास होतो’ असे म्हटले की तो लोकांना साक्षीला बोलावतो आणि लोक खिडकीबाहेर पाहू लागतात.

प्रश्न : पुण्याहून भाचे मंडळी येणार आहेत. त्यांना पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत फोटो काढायचे आहेत. तेथील रहिवासी कंटाळले आहेत असे ऐकते. मंडळींना न्यावे की नको? (एक मावशी, ताळगाव)

अवश्य न्यावे, मात्र ती माणसांची राहती घरे आहेत हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, कारण तेथे पोहोचल्यावर पिवळ्या-निळ्या भिंती पाहून कोणी काही ऐकत नाही. पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांसाठी जी सूचना काढली, तिच्यात अनोळखी माणसांचे त्यांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नयेत असे म्हटले होते. माणसांना जे लागू, ते त्यांच्या दाराखिडक्यांनाही लागू आहे, असे मी मानते. रस्त्यावरून दिसणारी घरांची ओळ टिपणे वेगळे, आणि कोणाच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, शिरून तेथल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, पाय सोडून बसणे वेगळे. तो सोपो संध्याकाळी त्या घरच्यांना बसण्यासाठी आहे.

एखाद्या विशिष्ट घराचाच फोटो हवा असेल आणि दारात कोणी दिसले, तर मोबाइल खिशात ठेवून विचारावे. कॅमेरा रोखून विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो. जेवणानंतरच्या विश्रांतीच्या वेळी, म्हणजे साधारण एक ते चारच्या दरम्यान, जाऊच नये. सकाळी लवकर जावे, तेव्हा ऊनही तिरपे असते आणि भाचे मंडळींचे फोटो चांगले येतील. घरमालक ‘नको’ म्हणाले तर ‘बरे’ म्हणून पुढे निघावे. कारण विचारू नये आणि कोपऱ्यावरून वळताना हळूच एक टिपूही नये.