सून प्रोटेस्टंट, दीर नाराज

वसईच्या एका कॅथलिक वाचक भगिनींचा प्रश्न असा: त्यांची सून अहमदनगरकडच्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या कुटुंबातली आहे. जानेवारीतल्या ऐक्यप्रार्थनेसाठी (निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठीच्या प्रार्थनेसाठी) तिच्या वडिलांना, म्हणजे तिकडच्या पाळकांना, आपल्या चर्चमध्ये बोलवावे असे फादरांनी सुचवले. त्यावर धर्मग्राम परिषदेत, म्हणजे चर्चच्या स्थानिक सल्लागार मंडळात, असलेले दीर संतापले आहेत. ‘उद्या हे आपल्या वेदीवर चढतील, परवा शेजारच्या हिंदूंनाही बोलवाल,’ असे म्हणून त्यांनी घरात बोलणेच टाकले आहे.

ताई, दिरांना जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नका, कारण त्यांची भीती ख्रिस्तप्रसादाविषयी, म्हणजे मिस्सा या मुख्य उपासनेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीविषयी, आहे आणि ती निराधार नाही. कॅथलिक धर्मगुरूने प्रोटेस्टंट पाळकाबरोबर मिस्सा अर्पण करायला चर्चचा कायदा मनाई करतो, आणि ख्रिस्तप्रसादही, काही अपवाद सोडता, कॅथलिकांनाच दिला जातो. फादरांच्या मनातही तसे काही नसणार, पण ते कोणी स्पष्ट सांगितलेले दिसत नाही. तेव्हा हा कार्यक्रम मिस्साचा नसून बायबलवाचन, गीते आणि प्रार्थना यांचा आहे, हे परिषदेपुढे आधीच लेखी ठेवायला फादरांना सांगा. अशा प्रार्थनेत तुमचे व्याही वाचन करू शकतात, गीतही सांगू शकतात. ना. वा. टिळकांची भजने घेतली, तर त्यांच्या मंडळींना ती आपल्या घरचीच वाटतील.

१८ ते २५ जानेवारी हा ऐक्यप्रार्थनेचा सप्ताह १९०८ पासून चालत आला आहे आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये ऐक्याचे काम कॅथलिकांचे कर्तव्यच ठरवले, हे दिरांना सांगायला हरकत नाही. मात्र ते तुम्ही नव्हे, फादरांनी सांगावे. भावजयीच्या तोंडून आलेला धर्मसभेचा दाखला कोणत्या दिराला रुचतो?

‘सुनेचा पुन्हा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) करून घ्या,’ असा जो आग्रह कोणी धरला आहे, तो मात्र तिथल्या तिथे थांबवा. पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा चर्च वैध मानते आणि तो दुसऱ्यांदा देत नाही. हे बोलणे सुनेच्या कानावर गेले असेल, तर ते चुकीचे होते असे तिला तुमच्याकडूनच कळले पाहिजे.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना प्रार्थनेला बोलवून अवघडवण्यापेक्षा एखाद्या कामात सोबत घ्या. वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा हरित वसई चळवळीत सर्व धर्मांची माणसे होती, आणि त्यासाठी कोणाला आपला देव बदलावा लागला नव्हता. गावातली विहीर किंवा तळे साफ करण्यापासून सुरुवात होऊ शकते, आणि अशा कामाला दीर बहुधा सर्वांत आधी हजर असतील.

परिषदेची बैठक होण्यापूर्वी फादरांना एकदा दिरांकडे चहाला जायला सांगा. त्या वेळी तुम्ही तिथे नसलात तरी चालेल.