'प्रादेशिक खासदार'? एका पदात दोन चुका

प्रश्न असा आला आहे: "स्कॉटिश राजकारणी निकोला स्टर्जन यांच्या कारकिर्दीवर एक टिपण लिहिते आहे. १९९९ ते २००७ या काळात त्या स्कॉटलंडच्या संसदेत 'रीजनल मेंबर' होत्या. मराठीत 'प्रादेशिक खासदार' म्हणावं का? की सरळ 'प्रादेशिक नेत्या' लिहून मोकळं व्हावं?"

ताई, मोकळं होऊ नका. शब्द दोन आहेत आणि दोन्ही चुकले आहेत.

'खासदार' आधी निकालात काढू, कारण त्यात फारसं काही नाही. बातम्या देणारे लोक स्कॉटलंडचं नाव निघालं की डोळे मिटून खासदार लिहितात. विलायतेतला निवडून आलेला माणूस म्हणजे खासदार, एवढंच त्यांचं व्याकरण. पण एडिंबरोच्या होलिरूडमध्ये बसणारी स्कॉटलंडची सभा वेगळी आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये बसणारी अख्ख्या ब्रिटनची वेगळी. स्टर्जन यांच्याच पक्षाचे अॅलेक्स सॅमंड ('सालमंड' नव्हे, त्यातला ल तिकडे कोणी उच्चारत नाही) २००७ ते २०१० या काळात दोन्हीकडे सदस्य होते. आता लिहा बघू वाक्य: 'खासदार सॅमंड खासदारही झाले.' लंडनला जाणारा खासदार आणि एडिंबरोला बसणारा आमदार ही आपली जुनी घडी तिथे चपखल बसते. ती मोडायचं काही कारण नाही.

आम आणि खास हे दोन्ही अरबी, दीवान-इ-आम आणि दीवान-इ-खासमधले, आणि 'दार' फारसी. तो फारसी दार म्हणजे आपल्या संस्कृत 'धर'चा सख्खा चुलत भाऊ. जहागीरदारातला दार आणि गिरिधरातला धर एकाच घरचे. आणि गंमत अशी, की 'लोक'सभेत बसणाऱ्याला आपण 'खास' म्हणतो. जुन्या मराठीत तर खासदार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, मोतद्दार. हे मी एकदा एका सभेत सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतले एक गृहस्थ हसले नाहीत. ते कोण होते ते मला नंतर कळलं.

असो. माझं खरं भांडण आहे ते 'प्रादेशिक'शी.

हा शब्द हल्ली आपण कमीपणा दाखवायला वापरतो. प्रादेशिक भाषा, प्रादेशिक चित्रपट, प्रादेशिक पक्ष: म्हणजे दुय्यम, खालच्या पंगतीतलं. स्टर्जन यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नावातच 'राष्ट्रीय' आहे, तरी आपल्याकडे तिची ओळख 'प्रादेशिक पक्ष' अशी करून दिली जाते. स्कॉटिश माणसाला हे ऐकवून बघा. १७०७ पर्यंत आमची वेगळी संसद होती, आमचा कायदा वेगळा, आमचं चर्च वेगळं, आम्ही प्रदेश नव्हे, राष्ट्र, असं तो तुम्हाला चहा थंड होईपर्यंत समजावत बसेल.

दुसरी अडचण आपल्या घरातली. मराठी राजकारणात 'प्रदेश' म्हणजे अख्खं राज्य. प्रदेशाध्यक्ष हा काही मराठवाड्यापुरता अध्यक्ष नसतो. म्हणजे 'प्रादेशिक आमदार' वाचून मराठी वाचक काय समजेल? सगळ्या स्कॉटलंडचा आमदार. आणि रीजनल मेंबर असतो तो नेमका त्याच्या उलट: स्कॉटलंडच्या आठ तुकड्यांपैकी एका तुकड्याचा.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. एकूण सदस्य १२९. त्यांतले ७३ नेहमीसारखे एकेका मतदारसंघातून येतात. उरलेल्या ५६ जणांसाठी आठ विभाग, प्रत्येकी सात जागा. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडतात, मतदारसंघाची फिकट जांभळी आणि विभागाची पीचच्या रंगाची. दुसऱ्या पत्रिकेवर पक्षाला मत द्यायचं. मोजताना प्रत्येक पक्षाच्या मतांना, त्या विभागातल्या मतदारसंघांत त्याने आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक, या आकड्याने भागतात. ज्याचा भागाकार मोठा त्याला जागा, मग पुन्हा भागाकार, असं सात वेळा. १९९९ मध्ये ग्लासगोत मजूर पक्षाने दहाच्या दहा मतदारसंघ मारले. साहजिकच त्यांची मतं सुरुवातीलाच अकराने भागली गेली आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीची फक्त एकाने. सातपैकी चार जागा त्या पक्षाला मिळाल्या आणि त्यांतली एक स्टर्जन यांची.

म्हणजे बाई त्या दिवशी हरल्याही आणि निवडूनही आल्या. गोव्हन मतदारसंघात त्यांना गॉर्डन जॅक्सन यांनी हरवलं होतं. २००३ ला पुन्हा तेच घडलं. त्याआधी १९९२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शेटलस्टनमधून वेस्टमिन्स्टरसाठी हरल्या आणि १९९७ मध्ये गोव्हनमध्ये मोहम्मद सरवर यांच्याकडून हरल्या. चार निवडणुका, चार पराभव, आणि तरी आठ वर्षं सभागृहात. नुसत्या बसायलाही नव्हेत. २००४ ला सॅमंड पक्षाचे नेते झाले तेव्हा ते होलिरूडचे सदस्य नव्हते, त्यामुळे सभागृहात पक्षाचं नेतृत्व उपनेत्या स्टर्जन यांच्याकडे आलं. सरकारला दर आठवड्याला प्रश्न विचारणारी विरोधी बाकांवरची नेता होती ही 'यादीतली' सदस्य. २००७ ला त्यांनी गोव्हन जिंकलं, उपमुख्यमंत्री झाल्या आणि नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०२३ मुख्यमंत्री. त्यांच्यामागून आलेले हमझा युसुफ हेही २०११ ला पहिल्यांदा ग्लासगो विभागाच्या यादीतूनच आले होते. आपले डॉ. संदेश गुल्हाने, आडनाव ऐकूनच विदर्भाकडे कान टवकारले जातात ते, २०२१ ला हुजूर पक्षाकडून याच ग्लासगो विभागातून आले. एवढ्या लोकांना 'प्रादेशिक'च्या हिणकस पेटीत कोंबायचं?

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहायचं होतं तिकडे येतो.

'प्रादेशिक' शब्दाला संस्कृतात एक नव्हे, दोन आया आहेत. एक 'प्रदेश', सगळ्यांना ठाऊक. दुसरी 'प्रादेश', पहिल्याच अक्षराला काना. प्रादेश म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर दोहोंत पडणारं अंतर. अमरकोशात ओळच आहे: 'प्रादेशतालगोकर्णास्तर्जन्यादियुते तते'. अंगठ्याबरोबर तर्जनी ताणली तर प्रादेश, मधलं बोट ताणलं तर ताल, अनामिका ताणली तर गोकर्ण. आणि करंगळी ताणली की वितस्ति, म्हणजे आपली वीत. माझा प्रादेश सोळा सेंटिमीटर भरतो, वीत एकवीस. आत्ताच पट्टीवर मोजून बघितली.

माझे आजोबा मुंजीच्या आदल्या दिवशी अंगणात पळसाच्या काड्या घेऊन बसत. पट्टी नाही, काही नाही. काडी अंगठ्याला टेकवायची, तर्जनी जिथे पोचेल तिथे कोयत्याचा एक टोला. 'समिधा प्रादेशमात्र पाहिजे,' एवढंच म्हणत. मी लहानपणी समजत होतो की प्रादेशमात्र म्हणजे आपल्या प्रदेशातल्या झाडाची. कित्येक वर्षं समजत होतो.

तेव्हा 'प्रादेशिक नेता' याचा एक शुद्ध संस्कृत अर्थ होतो: वीतभरसुद्धा नाही असा नेता. काही नेत्यांना तो लागूही पडेल, पण स्टर्जनबाईंना नाही.

दोन्ही आयांचा धातू मात्र एकच, दिश्, बोट दाखवणे. तर्जनीला संस्कृतात 'प्रदेशिनी' असंही नाव आहे, दाखवणारी. दिशा, देश, आदेश, उपदेश, निर्देश, सगळी याच बोटाची कमाई. बोट दाखवून 'तो तिकडचा भाग' म्हणायचं तो प्रदेश, आणि तेच बोट ताणून मोजायचं ते प्रादेश.

आणि 'रीजन'? लॅटिन 'रेगिओ', त्याचा धातू 'रेगेरे': सरळ रेषेत नेणे, दिशा देणे. याच कुळात आपला 'राजन्' येतो आणि बहुतेकांच्या मते 'ऋजु', सरळ, हाही. म्हणजे इंग्रजीतला रीजन आणि आपलं राज्य हे दूरचे भाऊबंद. ज्याला आपण दिल्लीत बसून तुच्छतेने 'रीजनल' म्हणतो त्याच्या पोटात राजा बसला आहे.

माझ्या सगळ्यात लाडक्या पुराव्याकडे अजून कोणी वळत नाही म्हणून मीच वळतो. अशोकाचा तिसरा शिलालेख, गिरनारची प्रत: 'सर्वत विजिते मम युता च राजूके च प्रादेसिके च पंचसु पंचसु वासेसु अनुसंयानं नियातु'. माझ्या राज्यात सगळीकडे युक्त, रज्जुक आणि प्रादेशिक यांनी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर निघावं. बघा! सव्वादोन हजार वर्षं होऊन गेली, आणि तिथे 'प्रादेशिक' हे विशेषण नाहीच, नाम आहे. पदनाम आहे. मोठ्या हुद्द्याचा अधिकारी, लोकांमध्ये फिरणारा. होलिरूडची मुदतही आता पाच वर्षांचीच आहे, हा योगायोग मी योगायोग म्हणूनच सांगतो. घरचे म्हणतात, तू तो तसा सांगत नाहीस.

इथे काही पंडित मला अडवतात. त्यांच्या मते हा प्रादेशिक म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्रातला 'प्रदेष्टृ', गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी, आणि प्रदेशाशी त्याचा काही संबंध नाही. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. प्रदेष्टृमधला ष्ट कुठे गेला? त्याचा नुसता श कोणी केला? अधिकाराचं साम्य दिसलं की ध्वनीचे नियम खुंटीला टांगायचे, ही सवय वाईट. प्रदेश शब्दाला 'इक' लावा, पहिल्या स्वराची वृद्धी करा, प्रादेशिक आपोआप तयार होतो. शाळेतलं पोर सांगेल. शेजारचा रज्जुक हा दोर धरून जमीन मोजणारा, असं मानणारेही पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा. दोरवाल्याच्या शेजारी भूभागवाला शोभतो. फौजदार कशाला आणून बसवता? (रज्जूचं आणि रेगेरेचं कूळ मात्र वेगळं. जोडायचा मोह मलाही झाला होता.)

म्हणजे नाम म्हणून 'प्रादेशिक' परत आणता आला तर मी एका पायावर तयार आहे: 'स्टर्जन आठ वर्षं ग्लासगोच्या प्रादेशिक होत्या.' पण वाचक समजणार नाहीत, छापणारा त्यापुढे 'नेत्या' चिकटवेल आणि आपण पुन्हा वितीहून आखूड होऊन बसू.

तर तुमचा प्रश्न. 'विभागीय आमदार' लिहा. महाराष्ट्राचे महसुली विभाग लोकांना माहीत आहेत, विभागीय आयुक्त माहीत आहे, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांतून विभाग-विभागाचे आमदार निवडून येतात हेही माहीत आहे. राज्याहून लहान, मतदारसंघाहून मोठा, हा आकार 'विभाग' म्हटलं की मराठी डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्यांना तिकडची बोली हवी त्यांनी 'यादीतला आमदार' म्हणावं. तिकडेही बोलताना 'लिस्ट' असंच म्हणतात, कधी कधी जरा नाक मुरडून.

एक खड्डा मात्र चुकवा. जुन्या स्कॉटिश पुढाऱ्यांच्या चरित्रांत 'रीजनल कौन्सिलर' भेटेल. तो हा नव्हे. १९७५ ते १९९६ या काळात तिकडे स्थानिक कारभारासाठी नऊ 'रीजन' होते. त्यांतल्या एकट्या स्ट्रॅथक्लाइडमध्ये स्कॉटलंडची जवळजवळ निम्मी वस्ती होती. शाळा, रस्ते, पाणी, सगळं त्यांच्याकडे. तो माणूस आपल्या जिल्हा परिषद सदस्याच्या जवळचा, आमदाराच्या नव्हे.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी: टिपणात 'फर्स्ट मिनिस्टर'चं 'पहिल्या मंत्री' करू नका. १९९९ चे डॉनल्ड ड्यूअर मग 'पहिले पहिले मंत्री' होतात. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत या पदाला 'प्रीव्ह' लावलेलं नाव आहे. मूळ लॅटिन 'प्रीमुस', पहिला, हे खरं; पण गेलिकमध्ये राजधानीलाही प्रीव्ह-गावच म्हणतात, आणि ते काही पहिलं वसलेलं गाव नव्हे, मुख्य गाव. तेव्हा मुख्यमंत्रीच. ब्रिटनच्या पंतप्रधानाला गेलिकमध्ये वेगळा शब्द आहे, म्हणून 'स्कॉटलंडच्या पंतप्रधान' हेही कापा. हे शेवटचं मी गेल्या महिन्यात तीनदा वाचलं.