दर्ग्याच्या विहिरीचं रीडिंग

अजीज बेटी,

अस्सलामु अलैकुम.

चिकोडीकडच्या सगळ्या विहिरींची रीडिंग पाहिली. दर्ग्याच्या विहिरीतलं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर गेलंय. मामू म्हणतात, तेवढी एक विहीर प्रबंधातून गाळ, बुजुर्गांच्या पाण्याची बदनामी नको. आणि तू मला विचारायलीस, दीन म्हणजे धर्म मोठा की संशोधन?

जे दिसलं तेच लिही.

कुराणातल्या सूरह बनी इस्राईलची छत्तिसावी आयत तुला पाठ आहे. ज्याचं इल्म, ज्ञान नाही त्याच्या मागं जाऊ नकोस. कान, डोळे, काळीज, सगळ्यांबद्दल विचारलं जाईल. डोळ्यांबद्दलही! यंत्रावर पाहिलेला आकडा वहीतून गाळलास तर अल्लाहसमोर काय सांगशील, मामूंनी सांगितलं म्हणून?

मामूंवर चिडू नकोस, अदबीनं बोल. नायट्रेट बुजुर्गांनी आणलं नाही हे त्यांना समजावून सांग. भोवती ऊस आहे. पिकानं न उचललेला युरियाचा नत्र पाण्याबरोबर झिरपत खाली जातो. उकिरडा किंवा संडासाचा खड्डा जवळ असला तरी तेच होतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तान्ह्या बाळाला त्या पाण्यातलं दूध पाजलं तर रक्ताला प्राणवायू पुरेसा वाहून नेता येत नाही, बाळ निळं पडतं. बाया तबर्रुक, म्हणजे दर्ग्याचा प्रसाद म्हणून त्याच पाण्याच्या बाटल्या घरी नेतात की. मग बदनामी कशात आहे, लिहिण्यात की लपवण्यात?

मी लपवलं होतं. बी.एस्सी.ला लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं माझं उत्तर ९६०च्या आसपास आलं, पुस्तकात ९८०. मी सेकंद बदलले आणि पूर्ण मार्क घेतले. नुसता धागा मोजला होता, गोळ्याची त्रिज्या धरलीच नव्हती. ही चूक मला फार वर्षांनी, दुसऱ्यांना शिकवताना सापडली. तेव्हा खरं लिहिलं असतं तर त्याच दिवशी सापडली असती. पुढं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांच्या नेमक्या ९८० आणणाऱ्या वह्या मी परत करत राहिलो. पालक भांडले, वरिष्ठ रागावले. मी हटलो नाही, आणि माझंच बरोबर होतं असं आजही म्हणतो.

इब्न अल-नफीस हकीम होता आणि शाफई पंथाचा फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचा जाणकारसुद्धा. हृदयाच्या मधल्या पडद्यात बारीक छिद्रं आहेत, त्यातून रक्त पलीकडं जातं, हे ग्रीक वैद्य जालीनूसचं (गॅलनचं) म्हणणं हजार वर्षं चाललं होतं. १२४२ साली यानं लिहिलं, पडदा जाड आहे, छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसांतून फिरून येतं. फिकह जाणणारा माणूस होता तो. त्याला कुणी दीन मोठा की हृदय, असं विचारलं असतं का?

आणि कुराणात सगळं विज्ञान आधीच लिहिलंय, अशा व्हॉट्सॲपच्या याद्या मला पाठवू नकोस. सूरह गाशियामध्ये विचारलंय, उंटाकडे बघत नाहीत का, तो कसा घडवलाय? बघायचं काम आपल्यावर सोपवलंय. यादी पुढं ढकलून ते होत नाही.

जे दिसलं तेच लिही, बेटी. पण एका नमुन्यावर लिहू नकोस. पुन्हा पाणी घे, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. प्रबंध छापायच्या आधी मामूंना घेऊन दर्ग्याचा कारभार बघणाऱ्या मुतवल्लींकडं जा, बाळांसाठी दुसरं पाणी ठेवायला सांग. रविवारी शहापूरला ये. खाडाखोडीची मूळ वही आण, नवी उतरवून काढू नकोस.

तुझा सर